आतला फोन

“...पण आतला वाजला तर बाहेरचा थांबवायचाच ना, बुवा?”

मोरेश्वर सबनीस बुवांच्या खोलीच्या दारात उभे होते. टेकडीवरच्या त्या मठाचं ऑफिस ते अकरा वर्षं सांभाळत होते. लोकांचा फोन म्हणजे बाहेरचा, आणि बुवांच्या खोलीतून वाजणारा इंटरकॉम म्हणजे आतला. आतल्याची दुसरी रिंग आपण कधी होऊ दिली नाही, हे ते येईल त्याला ऐकवत. तोरा तर असा, की विचारू नका!

बुवा म्हणाले, “नीट सांग. काय झालं?”

“एक बाई होती. रडत होती. म्हणाली, पोरीला घेऊन घर सोडलंय, एस.टी. स्टँडवर उभी आहे, फोन दुसऱ्याचा आहे, कुठं जाऊ? ... तेवढ्यात तुमचा आतला वाजला.”

“मग?”

“तिला म्हटलं, एक मिनिट हं. होल्डवर टाकलं.”

बुवांचा चेहरा पांढरा पडला. “आणि मी तुला विचारलं...”

“आमटीत चिंच घातली की आमसूल. ... परत घेतला, तर लाईन कट.”

“नंबर?”

“आपल्या डबड्यावर कुठं दिसतोय नंबर!” सबनीसांना रडूच फुटलं. “तुम्हीच शिकवलंत ना, आधी आतलं, मग बाहेरचं?”

बुवा बघतच राहिले. ध्यानाला बसताना सांगितलेली गोष्ट या शहाण्यानं फोनला लावली होती! अकरा वर्षं!

...

बुवा तडक निघाले. ऑफिसात येऊन फोनसमोर जमिनीवर बसले. सबनीसही बसले. जेवणाची घंटा झाली, पण कुणी उठलं नाही. सबनीसांची नजर फोनवरून हटत नव्हती. ती बाई, ती पोर, तो स्टँड...

बऱ्याच वेळानं बुवा उठले आणि आपल्या खोलीत गेले.

आणि फोन वाजला. बाहेरचा.

“मघाशी कट झाला हो...”

तीच!

“ताई, बोला,” म्हणेपर्यंत आतला टर्रटर्र वाजायला लागला.

सबनीसांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं. अरे देवा! आत्ताच वाजवायचा होता यांना?

... त्यांनी हात मागे घेतला.

“बोला ताई. मी कुठंही जात नाही.”

आतला वाजतच राहिला. सबनीसांनी स्टँड कुठला ते विचारलं. चौकशीच्या खिडकीपासून हलू नका, मठाची जीप आत्ता निघतेय, म्हणून सांगितलं. पोरीचं नाव विचारलं. बाई “बरं” म्हणाली तेव्हा कुठं त्यांनी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारून जीप पिटाळली.

आतला अजून वाजत होता.

सबनीस धावत खोलीत गेले. बुवा रिसीव्हर कानाला लावून बसले होते.

“चुकलो, बुवा. तुमचा फोन मी उचलला नाही.”

बुवांनी रिसीव्हर खाली ठेवला.

“अरे मोरेश्वरा, अकरा वर्षांत आज पहिल्यांदा आतला उचललास.”