न बुडालेली वाटी

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांमागची ते विचारू नका, कारण ती ज्या राज्यात घडली तिथं विचारायलाच मनाई होती.

राज्य नदीकाठी होतं. राजा दुष्ट नव्हता, त्याला फक्त घाई होती. त्याच्या सभेत पाण्यानं भरलेलं एक मोठं घंगाळ ठेवलेलं असे आणि त्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत असे. भोकातून पाणी आत शिरे, वाटी हळूहळू जड होई आणि घटकाभरात ‘बुडुक’ करून तळाशी जाई. प्रजेवर कसलंही संकट येवो, वाटी बुडायच्या आत त्यावर उपाय ठरलाच पाहिजे, असा तिथला रिवाज. सभेत उपाय सुचवायचा, प्रश्न विचारायचा नाही. प्रश्नानं वेळ जातो ना! वाटी बुडाली की ठरलेला उपाय हुकूम होई. शेजारचे राजे हा सोहळा पाहायला येत आणि तोंडात बोटं घालून परत जात.

घंगाळाशेजारी दवंडीवाला उभा असे, गळ्यात ढोल अडकवून. बुडुक आवाज झाला की त्यानं गावभर धावत सुटायचं. आवाज त्याचा खणखणीत. ढोलाच्या दोऱ्यांना चोळायला मेणाचा गोळा कायम कनवटीला. बायको मागेच वारली होती. एकच लेक, ती नदीपलीकडच्या चार घरांच्या वाडीत दिलेली. काय ठरलं ते आपण ओरडून सांगायचं, का ठरलं ते बघणं आपलं काम नाही, असं तो म्हणे. त्याचं हे म्हणणं नीट लक्षात ठेवा, मुलांनो. मोठ्यांनी तर ठेवावंच.

नदीच्या उतारावर दोन नावाडी होते. एका उन्हाळ्यात गिऱ्हाइकावरून त्यांची जुंपली. एकानं वल्हं हाणलं, दुसऱ्याचं डोकं फुटलं. सभा बसली. प्रधान म्हणाले, “दोन नावा आहेत म्हणून भांडण आहे. एक बंद करा.” वाटीत तेव्हा चमचाभरही पाणी आलं नव्हतं. राजा खूश झाला. दवंडी पिटली गेली. डोकं फुटलेल्याचीच नाव त्याच्या परसात पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

भांडण मिटलं, हे खरं. भांडायला दुसरा उरलाच नव्हता.

पुढं बाजाराच्या एका दिवशी वीस माणसांच्या नावेत बेचाळीस माणसं चढली. दुसरी नाव नव्हती, आणि बाजार काही कुणासाठी थांबत नाही. नदीच्या मध्यावर नाव कलली. एकोणीस माणसं बुडाली.

दवंडीवाल्यानं स्वतः प्रेतं बाहेर काढली. एका बाईची मूठ घट्ट मिटलेली होती. ती उघडली तर आत लहान मुलाच्या अंगरख्याची बाही निघाली. नुसती बाही.

त्याची लेक सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. दुसऱ्याच दिवशी जावई तिला त्याच नावेतून घेऊन येणार होता.

सभा बसली. काठावर प्रेतांवरची फडकी अजून ओली होती.

“नावाड्याला कोठडीत टाका,” सेनापती म्हणाले.

“तेवढ्यानं भागणार नाही,” प्रधान म्हणाले. “नाव होती म्हणून बुडाली. नावच नको. नदी ओलांडायलाच बंदी करा.”

“वाहवा!” राजानं मांडीवर थाप मारली. “एकोणीस माणसांचा प्रश्न, आणि वाटी अर्धीसुद्धा भरली नाही!”

सभेनं टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! दवंडीवाल्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तो एकेका तोंडाकडे पाहत राहिला. यांच्यातल्या कुणाचंच कुणी त्या नावेत नव्हतं का? तेवढ्यात ‘बुडुक’ झालं. आणि धक्का बसलेला तो माणूस, सवयीनं, बाहेर पडून ओरडू लागला. त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

गल्लीच्या तोंडाशी म्हातारी सुईण उभी होती. साऱ्या गावाची नाळ तिनं कापलेली.

“काय रे, लेकीला आणणार होतास ना?”

“आणीन, मावशी. बंदी काय, महिन्याभरात उठेल.”

“उठवणार कोण? तू? तू तर ढोल बडवणार!”

तो ढोल छातीशी धरून निघून गेला.

दोन महिने गेले. बंदी उठली नाही. पण पोट असलेल्या माणसाला नदी ओलांडावीच लागते. लोक वाळलेले दुधी भोपळे पोटाला बांधून चोरून पलीकडे जाऊ लागले. मग एक दिवस एका गुराख्याचा भोपळा सुटला आणि तो वाहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या पिंपळावर लाल लुगडं फडकलं. लेकीच्या कळा सुरू झाल्याची ती खूण होती. जावई नदीत उतरून अलीकडे आला. त्यानं बारा भोपळ्यांवर बाज बांधून सांगड केली होती.

“चला मावशी, पायाला पाणी लागू देत नाही तुमच्या.”

“मेल्या, या वयात बाजेवरून नेतोयस ते तिरडीवरून नव्हे ना?” म्हातारी हसली आणि सूप, सुरी, धुवट फडकी पदरात बांधून चढायला निघाली.

शिपायांनी भाले आडवे धरले. सभेचा निकाल लागेपर्यंत काठावरचे सगळे भोपळे जप्त!

हे पाहून काठावरचा दवंडीवाला सभेकडे धावला. घंगाळात वाटी नुकतीच सोडली होती.

“भोपळ्यामुळे माणूस बुडाला,” प्रधान सांगत होते. “राज्यातले सगळे भोपळे फोडावेत.”

“वेलही उपटावेत,” सेनापतींनी भर घातली.

राजा टाळी वाजवायला हात उचलतच होता. दवंडीवाल्यानं वाटीकडे पाहिलं. पाणी आत येत होतं. ती बुडाली की हुकूम होणार, आणि तो हुकूम त्यानंच आपल्या तोंडानं पलीकडच्या लाल लुगड्याला ऐकवायचा होता. प्रश्न विचारायची मनाई होती. उपाय सुचवायचा त्याला हक्क नव्हता. सगळ्यांच्या नजरा राजाकडे असताना त्यानं कनवटीचं मेण काढलं, बोटांनी मऊ केलं, घंगाळात हात घालून वाटीच्या बुडाला दाबलं.

वाटी तरंगत राहिली.

सभा वाट पाहत बसली. वाटी बुडाल्याशिवाय उठायचं नाही, हाही रिवाजच. ऊन पायऱ्या चढून दाराशी आलं. प्रधानांच्या पोटात कावळे ओरडू लागले. सेनापतींनी तीन वेळा जांभई दिली. शेवटी राजा चिडून ओरडला, “ही वाटी बुडत का नाही?”

सभा सुन्न झाली. त्या दरबारात ‘का’ हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता, आणि तो खुद्द राजानं.

दवंडीवाला पुढे झाला. “मी भोक बुजवलं, महाराज.”

“मुंडकं उडवा याचं!” प्रधान उठले.

“उडवा. पण आधी ऐका.” त्याचा खणखणीत आवाज आज कापत होता. “वाटी बुडाली नाही, तर तुम्ही ‘का’ विचारलंत. एकोणीस माणसं बुडाली, तेव्हा नाही विचारलंत.”

हुकूम द्यायला उगारलेला राजाचा हात खाली आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. तो म्हणाला, “नावाड्याला आणा.”

कोठडीतून नावाडी आला.

“नाव का बुडाली?”

“वीसच्या जागी बेचाळीस बसली, सरकार.”

“का बसवलीस?”

“दुसरी नाव नव्हती.”

“का नव्हती?”

नावाड्यानं प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी खाली पाहिलं.

“तुमचा हुकूम होता,” दवंडीवाला म्हणाला. “आणि तो मीच ओरडलो. दोघं गिऱ्हाइकासाठी भांडत होते, महाराज. एक खेप याची, एक खेप त्याची, एवढं ठरवलं असतं तरी भांडण मिटलं असतं. आपण नावच काढून घेतली. मग नाव भरली, तर नदी काढून घेतली. आता भोपळे फोडाल. उद्या लोक हातांनी पोहतील. मग काय, हात तोडणार?”

कुणी टाळी वाजवली नाही.

हुकूम झाला, आणि या वेळी कुणी वाटीकडे पाहिलं नाही. परसातल्या नावेखालच्या कोंबड्या हाकलल्या गेल्या. दोन्ही नावांच्या कडेला चुन्याची रेघ ओढली. पाणी रेघेला टेकलं की आणखी एकही माणूस चढवायचा नाही. खेपा आळीपाळीनं करायच्या. पहिल्या खेपेला चढली सुईण, आणि मागोमाग दवंडीवाला.

ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. लेक वाचली होती. मूल नव्हतं. दुपारी जन्मलं, गळ्याला नाळेचा वेढा होता. शेजारणी जमल्या होत्या, पण तो सोडवायचा कसा हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. सुईणीनं ते इवलंसं अंग हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मटकन खाली बसली. “अरे, दोन बोटांचं काम होतं रे हे,” ती म्हणाली. “दोन बोटांचं.”

पुढं नाव कधी बुडाली नाही. राजानं रिवाज बदलला. आधी संकटाचं कारण सांगायचं, मग उपाय, अशी सभा भरू लागली. मेण लावलेली ती वाटी त्यानं सिंहासनासमोर टांगली. परगावचे पाहुणे दवंडीवाल्याची पाठ थोपटत, “राज्य वाचवलंस, शहाणा माणूस तू!” म्हणत.

तो ती थाप कधीच पाठीवर टिकू देत नसे. “कसला शहाणा?” तो म्हणे. “एक नाव बंद करायचं ठरलं, त्या दिवशीही मी घंगाळापाशीच उभा होतो. आणि मेण त्या दिवशीही माझ्या कनवटीलाच होतं.”

तात्पर्य: संकटाचं कारण न विचारता केलेला उपाय हे दुसरं संकट असतं, आणि ते दिसत असून गप्प राहणारा त्यातला भागीदार असतो.