तिसरा अंक

जनावरांना अजून वाचता येत होतं, तेव्हाची गोष्ट. भागी नावाच्या घुशीनं रद्दीच्या दुकानातून चित्रकथांचे अंक ओढून आणून बिळात थप्पी लावली होती. पण संच पुरा झाल्याशिवाय एकही अंक उघडायचा नाही, हा तिचा हट्ट. आणि नेमका तिसराच मिळत नव्हता.

"अगं, पहिला तरी वाच!" शेजारचा बेडूक म्हणायचा.

"अर्धवट कामं मला खपत नाहीत," भागी फणकारायची.

दोन पावसाळे उलटले आणि तिसरा अंक सापडला. भागी नाचतच बिळात शिरली. तिनं थप्पी उचलली, तर हाती नुसती मुखपृष्ठं आली. त्यांखालून एक गलेलठ्ठ वाळवी निघाली.

"आणलास का तिसरा?" तोंड पुसत ती म्हणाली. "त्याच्यावाचून माझाही संच अडलाय!"