चिठ्ठीची पोच

कुमुदबाई पालकांना चित्र काढून चिठ्ठी पाठवायच्या, कारण त्यांच्या शाळेतल्या पोरांच्या आयांना वाचता येत नव्हतं. जूनपासून वर्गात तोंड न उघडलेल्या वेणूने काल अख्खा धडा मोठ्याने वाचला, तेव्हा बाईंनी चोच उघडलेला पोपट काढून तिच्या डब्यात ठेवला होता.

आज तपासणीला आलेले घोलपसाहेब वही चाळत म्हणाले, "पालकांना कळवलं म्हणता, पण एकाही चिठ्ठीची पोच नाही. अर्थात, या अडाणी बायकांना कसली आलीय पोच!"

बाईंना ते फार लागलं.

मधल्या सुट्टीत वेणू डबा घेऊन आली. आत भाकरीवर गुळाची पोळी होती.

"आईने तुम्हाला दिलीय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पोपट बघून तिने माझ्याकडून धडा दोनदा वाचून घेतला."

बाईंनी पोळी मोडून अर्धी साहेबांपुढे धरली. "ही घ्या पोच, साहेब. फाइलला लावता की खाता?"

साहेबांनी मान खाली घालून पोळी खाल्ली. मग बोटं पुसून शेऱ्यात लिहिलं, 'पोच मिळाली.' निघताना ते वेणूपाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "आईला सांग, पोच नव्हती ती साहेबाला."