दोन चिडांचं बी

फार फार पूर्वीची गोष्ट. डोंगरांवर माणसांपेक्षा झाडंच जास्त होती, तेव्हाची.

एका राज्यात एक माळी आणि त्याची बायको राहत होती. उथळ कुंडीत वीतभर उंचीचं झाड वर्षानुवर्षं जगवावं, तर त्या माळ्यानंच. त्याच्या परसात सुईसारख्या पानांची दोन चिडाची झाडं होती. एकाची पानं आखूड आणि दाट, पण जरा ऊन तापलं की ते मलूल व्हायचं. दुसरं मोठं चिवट, पण त्याची पानं लांब आणि विरळ.

या दोघांचे गुण एकाच झाडात आले तर? माळ्याला दुसरं काही सुचेना.

त्यानं एकाचा पराग दुसऱ्याच्या कोवळ्या शंकूंवर, म्हणजे त्याच्या फळांवर, झटकला. शंकू पिकायला वर्ष उलटून गेलं. मग त्यानं बी काढून पेरलं आणि वाफा हिरवा झाला. त्याच पावसाळ्यात दरड कोसळली. दोन्ही झाडं मातीखाली गेली, वाफा तेवढा वाचला.

"आता एवढंच उरलंय," बायको म्हणाली. "जपा हो."

रोपं वाढू लागली, पण एकासारखं एक नव्हतं. कुणाची पानं निळसर, कुणाची पिवळट. कुणी उंच, कुणी कमरेत वाकलेलं. माळी रोज सकाळी वाफ्यापाशी बसायचा आणि मनात न भरलेलं रोप उपटून फेकायचा.

"अहो, अजून त्यांचं रूप तरी कुठे उमटलंय?"

"मला कळतं. याची पानं लांबच होणार."

"बरं, ते वाकडं तेवढं ठेवा. माझ्यासाठी."

"वाकड्याचं काय करायचंय तुला?" असं म्हणत त्यानं तेही उपटलं. त्या दिवसापासून ती वाफ्याकडे फिरकली नाही.

शेवटी एकच रोप उरलं. अगदी त्याच्या मनासारखं! पण माळी आता म्हातारा झाला होता, त्याला धीर निघेना. रोप कोवळं असतानाच त्यानं त्याचं सोटमूळ छाटलं, उथळ कुंडीत लावलं, तांब्याच्या तारेनं फांद्या वळवल्या. हिवाळाभर रोप हिरवंगार होतं. माळी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचा.

एके दुपारी बायको कुंडीपाशी आली. तिनं पानाला हात लावला, तर पान गळून तिच्या तळहातावर पडलं.

"अहो, हे कधीचंच गेलंय."

"वेडी आहेस का? हिरवं आहे की!"

"चीड मेला तरी बरेच दिवस हिरवा दिसतो. लग्न होऊन आले, तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत मला."

माळ्यानं माती उकरली. मुळं काळी पडून कुजली होती. तो धावत वाफ्याकडे गेला आणि रिकाम्या मातीत दोन्ही हातांनी चाचपत राहिला. बायकोनं त्याला उठवलं नाही. तिनं मागितलेलं वाकडं रोपही त्यानं याच मातीतून उपटलं होतं.

पुढे त्यानं काही पेरलं नाही. पेरायला बीच नव्हतं. दोघं ओसरीवर बसून राहायची, आणि एकमेकांशी बोलण्यासारखं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, मनासारखंच हवं म्हणून जो हातातलं जिवंत फेकत जातो, त्याला मनासारखंही लाभत नाही आणि हातातलंही उरत नाही.