थर्मासातला चहा

“म्हणजे आधी मीच तिला हाक मारायची, असं म्हणता?”

प्रभुणे मास्तरांनी लतीफबाबांना विचारलं. टेकडीवरच्या आपल्या झोपडीपुढे हे म्हातारे फकीर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. धुकं असं दाटलं होतं, की जणू खाली गाव मुळी कुणी वसवलंच नसावं.

प्रभुणे मास्तर तावातावानं चढून आले होते. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेलं. माघार घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. लेकीनं, सुनेत्रानं, मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बारा वर्षं अबोला. आज ती आपणहून आली होती. खाली एसटीच्या थांब्यावर बसून तिनं निरोप धाडला होता: तुम्ही हाक मारलीत तर घरी येईन, नाहीतर नऊच्या गाडीनं परत.

“माया आटलेली नाही हो,” मास्तर म्हणाले. “होती तेवढीच आहे आत. तसूभर कमी नाही. ती बोलून कशाला दाखवायची?”



“थंडी फार आहे...” बाबा पुटपुटले. मास्तरांच्या पिशवीतला थर्मास काढून त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. “हा तर गारच.”

“बाहेरून गारच लागणार.” मास्तरांना हुरूप आला. “आत काचेच्या दोन भिंती, मधली हवा काढून घेतलेली. उष्णतेला पलीकडे जायला वाटच नाही. तरी जी निसटू बघते, तिला काचेवरचा चंदेरी मुलामा आत परतवतो. पहाटेचा चहा दुपारी प्या, जीभ पोळेल.”

“वा.”

बाबांनी थर्मास छातीशी कवटाळला आणि डोळे मिटले. धुकं त्यांच्या दाढीत उतरत राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे... मास्तरांनाही पेंग आल्यासारखं झालं. भानावर येऊन बघतात तो बाबा कुडकुडत होते.

मास्तरांचा जीव कळवळला.

“अहो, असा धरून कशी ऊब येईल? आणा इकडे, कपात ओतून देतो.”

“कशाला? आत गरम आहे ना?”

“आहे हो. पण...”

 खाली धुक्यात कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. मास्तर उठून उभे राहिले.

बाबांनी थर्मास त्यांच्या हाती दिला.

“जा. पोरीला हा असाच नेऊन द्या. झाकण उघडू नका... आत गरम आहे, एवढं सांगा.”