वाटीचं भोक

राजा रायभानाला दम कसला तो नव्हता. त्याच्या दरबारात वेळ मोजायला तळाशी भोक असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की घटका संपली. सटवाजी कथेकऱ्याला रोज तेवढीच घटका मिळे, आणि तेवढ्यात त्याच्या गोष्टीतली राजकन्या जेमतेम नदीपर्यंत पोचे. राजाने वैतागून भोकच मोठं करवलं. "आता ही बुडायच्या आत गोष्ट संपव, नाहीतर राज्य सोड."

सटवाजीने भराभर भरणाऱ्या वाटीकडे पाहिलं.

"संपवतो, महाराज. पण ज्योतिषीबुवांनी आपल्याला शंभर वर्षांचं आयुष्य सांगितलंय. तेही आता याच वाटीनं मोजायचं ना?"

राजाने घाईघाईने पाण्यातून वाटी उचलली आणि भोकावर बोट दाबून धरलं.

"नदीपर्यंत आली होती ती," तो हळूच म्हणाला. "पुढे?"