चार बोटं रिकामी

“मग मरतोय कशानं, ते तरी सांगा!”

रत्नाकरचा आवाज बारवेच्या पायऱ्यांवरून खाली उतरत गेला आणि तळाशी पाण्यात विरला.

कासमबाबांनी मान वर केली नाही. ते पखालीला तेल चोळत होते. पाणी वाहायची ती चामड्याची पिशवी त्यांच्या आज्याच्या वेळेपासूनची. कसब्यात घरोघर नळ आले, तेव्हापासून पखालीला कोणी विचारत नव्हतं. पण म्हातारी गाय आटली म्हणून तिला कोणी धुवायचं सोडत नाही, तसे बाबा दर शुक्रवारी पखालीला तेल लावत.

“पाणी कुठलं घालता?” त्यांनी विचारलं.

रत्नाकरला हसू आलं. “बाबा, मी नगरपालिकेत पाणी तपासतो. अख्खं शहर माझ्या सहीचं पाणी पितं. माझ्या माशाला मी वाईट पाणी घालीन?”

“अस्सं. मग तर आमच्यापेक्षा मोठे पाणके झाले की साहेब.”

चिमटा रत्नाकरला कळला. पण तो भांडायला आला नव्हता. एसटीनं दोन तास हादरे खात आला होता तो, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मासे विकणारा म्हणाला होता, या जातीचा मासा फार तर तीन वर्षं जगतो. पण बारवेवरच्या कासमबाबांच्या डोणीत पाच-पाच वर्षं पोहतो. कसं, ते त्यांनाच विचारा.

डोणी तिथंच होती. गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी, एका बाजूनं टवका उडालेली. पाणी चहासारखं तांबूस. वर देशी बदामाची दोन वाळकी पानं. सध्या तरी तीत मासा दिसत नव्हता.

रत्नाकरला ते पाणी पाहूनच शिसारी आली.

“टाकी कशी आहे?” बाबांनी विचारलं.

हा प्रश्न त्याला हवाच होता. तो सावरून बसला.

“तीन फुटी. काच इतकी स्वच्छ, की आहे की नाही कळू नये. तळाला काळी माती. झाडं अकरा जातींची, मी लावलेली. झाडांना गॅस लागतो, त्याची नळकांडी बसवलीय. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. पाण्याची उष्णता अर्ध्या अंशानंही हलत नाही. खात्यातले साहेबलोक सहकुटुंब येतात बघायला. म्हणतात, जंगल पाण्यात उतरवलंस.”

“आणि मासा?”

“मासा काय?”

“त्याला बघायला येतं का कोणी?”

रत्नाकर अडखळला. “तो... कोपऱ्यात असतो. पानांमागं. पंख मिटून.”

“आधी कुठं होता?”

“बरणीत,” रत्नाकर म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. “लोणच्याच्या. स्वयंपाकघरात, खिडकीपाशी.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

“कुणी ठेवला होता?”

“...बायकोनं.”

बाबांचा तेलाचा हात थांबला.

मंजिरीला जाऊन आठ महिने झाले होते. अकरा दिवसांचा ताप, आणि संपलं. तिनं जत्रेतून तो निळा फायटर मासा आणला, तेव्हा रत्नाकरनं तिची थट्टा केली होती. बरणी कधी पुरती भरलेली नसायची. भरायला विसरायची ती. अर्ध्या पाण्यात मासा, त्यात खोचलेली मनीप्लांटची एक फांदी, आणि वर, पाण्याच्या तोंडाशी, माशानं केलेलं बुडबुड्यांचं घरटं. ती भाकरी थापता थापता त्याच्याशी बोलायची. रत्नाकर म्हणायचा, किती गबाळी आहेस गं.

ती गेली, आणि ती अर्धी बरणी त्याला बघवेना. तिच्यासाठी आपण जन्मात काही केलं नाही, असं त्याला वाटू लागलं. निदान तिच्या माशाला काही कमी पडू द्यायचं नाही.

त्यानं टाकी केली. त्या दिवसापासून बुडबुड्यांचं घरटं काही झालं नाही.

“झाकण आहे टाकीला?” बाबा विचारत होते.

“आहे तर. काचेचं, मापात कापलेलं. हे मासे उडी मारतात ना. आई सारखी उचलून ठेवायची दुपारची. म्हणायची, बिचाऱ्याला जरा वारा लागू दे. म्हटलं, आई, उद्या फरशीवर सापडला तर? ऐकेना. शेवटी गेल्या आठवड्यात चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली.”

“पाणी कुठवर?”

“काठापर्यंत. थेट झाकणाला भिडलेलं. मध्ये पाण्याची रेघ दिसली की सगळी शोभा जाते.”

बाबांनी पखाल बाजूला ठेवली. हात धोतराला पुसले.

“साहेब, तुमचा मासा बुडतोय.”

रत्नाकर मोठ्यानं हसला. बऱ्याच दिवसांत तो असा हसला नव्हता.

“मासा? बुडतोय?”

“हो.”

“अहो बाबा, त्याला कल्ले असतात!”

“असतात. याचं तेवढ्यावर भागत नाही. हा वर येतो, तोंड बाहेर काढतो, आपल्यासारखा वारा घेतो, परत जातो. दिवसभर. वर यायला जागाच नसली तर पाण्यात पाण्यानं मरतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

रत्नाकरचं हसू ओठावरच वाळलं. सांगितलं होतं. पुस्तकात होतं. त्यानं वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. पण त्याला वाटलं होतं, ते बरणीत ठेवणाऱ्यांसाठी असेल. आपल्या टाकीत अकरा जातींची झाडं आहेत. आपलं पाणी तपासलेलं आहे.

“सोबत आणलाय ना?” बाबांनी विचारलं.

त्यानं पिशवीतून डबा काढला. मंजिरीचाच स्टीलचा डबा, दोन कड्यांनी झाकण आवळायचं.

“एसटीत हिंदकळू नये म्हणून...” तो म्हणाला, आणि पुढं त्याला बोलवेना.

“काठोकाठ भरलात?”

“...हो.”

म्हातारा एवढ्या चपळाईनं उठेल असं त्याला वाटलं नव्हतं. बाबांनी डबा हिसकून घेतला. कड्या निघाल्या, झाकण निघेना. ते आतून ओढल्यासारखं घट्ट बसलं होतं. बाबांनी नखं घातली. झाकण खण्णकन फरशीवर पडलं.

मासा आडवा होता. निळा रंग राखेसारखा झाला होता.

बाबांनी डबा तिरका केला. भळभळ पाणी दगडावर सांडलं.

“अहो! ते टाकीतलं पाणी आहे! तपासलेलं...”

“पखालसुद्धा गळ्यापर्यंत भरत नाहीत, साहेब. चार बोटं रिकामी ठेवतात. नाहीतर पाठीवर बसत नाही, आणि शिवण उसवते. बापानं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं. दुसरं काही नाही.”

त्यांनी डबा डोणीत अलगद बुडवला आणि काढून घेतला. मासा त्या तांबूस पाण्यात राहिला. बदामाच्या पानाखाली.

दोघं वाकून बघत राहिले.

...

बऱ्याच वेळानं मासा हलला. वाकडा, एका कुशीवर, पण वर आला. त्यानं तोंड पाण्याबाहेर काढलं. एक बुडबुडा पाण्यावर ठेवला. परत खाली गेला.

“घेतला!” रत्नाकर ओरडला. “बाबा, वारा घेतला त्यानं!”

बाबा डोणीच्या कडेला बसले.

“घरी कोण असतं?”

“आई. मी आणि आई.” तो डोणीवरून नजर काढत नव्हता. “तिलाही काही कमी नाही. सगळं हाताशी ठेवून येतो. जेवण झाकून, पाणी, गोळ्या, टीव्ही. खिडक्या लावून घेतो. धूळ फार आमच्याकडं.”

“बाहेर जाते का?”

“जायची. समोर पारावर बसायची बायकांत. मीच बंद केलं. कोण कुठला ताप घेऊन येतं, काय सांगावं? मंजिरीला पण तसाच... आता मी बाहेरून कुलूप घालूनच निघतो. उगीच उठून कुठं गेली, पडली-बिडली तर?”

“काही म्हणत नाही?”

“आधी म्हणायची. भांडायची चक्क. आता नाही. शांत झालीय. बसते एका कोपऱ्यात.”

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं.

...

मासा परत वर आला नाही.

उन्ह डोणीवरून सरकलं. पाण्यावरचा तो एक बुडबुडा अजून होता. बदामाचं पान वाऱ्यानं जरासं फिरलं, आणि पानाखालून निळं काहीतरी तरंगत बाजूला आलं. पोट वर.

रत्नाकर डोणीचा काठ धरून खाली बसला.

“तिचं एवढंच राहिलं होतं, बाबा.”

...

“मी काय कमी केलं हो? सांगा ना. काय कमी केलं मी?”

“कमी काही केलं नाहीस.”

बाबांनी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. त्यांनी ओंजळीत मासा घेतला, बदामाच्या पानात गुंडाळला आणि झाडाच्या मुळाशी बोटांनी माती उकरून पुरला. त्यावर ना दगड ठेवला, ना फूल.

रत्नाकर रडत होता. चाळीस वर्षांचा माणूस रडतो तसा, आवाज न करता, खांदे गदगदत. मंजिरी गेली तेव्हा तो रडला नव्हता. तेव्हा टाकीच्या काचा कापून आणायच्या होत्या.

बाबांनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही.

मग विचारलं, “किती वाजले?”

रत्नाकरनं डोळे पुसून घड्याळ बघितलं. “साडेतीन.”

“कुलूप कधी घातलंस?”

“सकाळी दहा...”

त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं.

बारवेत कुठंतरी एक पारवा फडफडला आणि गप्प झाला.

रत्नाकर उठला. घाईनं, ठेचकाळत. खिसा चाचपला, किल्ली होती. डबा उचलला, पिशवीत कोंबला, आणि दूर घरंगळलेल्या झाकणासाठी वाकला.

झाकणावर बाबांचा पाय होता.

त्यानं वर बघितलं.

“चारची एसटी मिळेल, बाळ. डबा ने. झाकण इथंच राहू दे.”